मंगळावरचे काळे ओघळ: २०१८ च्या चित्रात निम्मे गायब आणि उरलेले सरकलेले का दिसतात?

उतारवाट:
मंगळाच्या लायकस सल्साय भागातल्या (ऑलिंपस मॉन्स ज्वालामुखीच्या वायव्येचा डोंगराळ पट्टा) एका अरुंद धारेची (डोंगराचा कणा) सीटीएक्सने, म्हणजे नासाच्या एमआरओ यानावरच्या कॅमेऱ्याने, घेतलेली दोन चित्रं शेजारी ठेवून तुलना चालू आहे. एक २०१२ चं, दुसरं सप्टेंबर २०१८ चं. दोन्ही नकाशावर बसवलेली, साधारण ६ मीटरला एक पिक्सेल. पहिल्यात धारेवरून खाली आलेले काळे ओघळ ठळक आहेत. दुसऱ्यात त्यातले निम्मे दिसतच नाहीत, आणि जे दिसतात ते ८०-९० मीटर पश्चिमेला सरकल्यासारखे वाटतात. दोन चित्रांमधला कॉन्ट्रास्ट दोन्हीकडे कमाल ताणून पाहिला, फरक पडला नाही.

आणखी एक अडचण. मोलाच्या (मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरचा लेझर उंचीमापक) उंचीवरून उतार काढला तर तो फक्त १० अंश येतो. कोरडी धूळ १० अंशांवर घसरून शेकडो मीटर जाईल हे पटत नाही. मग हे खारट पाण्याचे ओघळ असण्याची शक्यता धरायची का? आणि ओघळ पाच-सहा वर्षांत पुसले जातात असं लिहिलं तर चुकेल का?

धूसर_क्षितिज:
चुकेल. सप्टेंबर २०१८ हा महिनाच घात करतोय. त्या वर्षी जूनमध्ये सगळ्या ग्रहाला वेढणारं धुळीचं वादळ झालं. ऑपॉर्च्युनिटी रोव्हरचा शेवटचा संदेश १० जूनचा, तो याच वादळातला. सप्टेंबरपर्यंत वादळ ओसरलं होतं, पण हवेत तरंगणारी धूळ नेहमीपेक्षा जास्तच होती. म्हणजे तुमचं दुसरं चित्र धुक्यातून काढलेलं आहे.

हे ओघळ, म्हणजे पट्टे, डोळ्याला डांबरासारखे दिसतात ते चित्र ताणल्यामुळे. प्रत्यक्षात ते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा साधारण १० टक्केच गडद असतात. हिशोब करा: बाहेरची जमीन १००, पट्टा ९०. आता हवेतल्या धुळीने वरून १०० इतका उजेड भरला तर कॅमेऱ्याला दिसतात २०० आणि १९०. फरक १० टक्क्यांवरून ५ वर आला. पट्टा जुना, आधीच फिकट झालेला असेल तर तो गोंगाटात बुडून जातो. चित्र ताणून हे सुटत नाही, कारण ताणताना धुकंही ताणलं जातं आणि पिक्सेलमधला गोंगाटही.

तपासायचं कसं? पट्टे सोडून द्या. त्याच चौकटीतली एखादी लहान विवराची सावली दोन्ही चित्रांत मोजा. सावलीतला भाग जवळजवळ काळा असायला हवा. दुसऱ्या चित्रात तो राखाडी आला तर धुकं आहे. तुलना करताना डोळ्यासाठी ताणलेलं जेपीईजी वापरू नका. कॅलिब्रेट केलेलं मूळ चित्र घ्या आणि प्रत्येक पट्ट्यासाठी "आतली चमक भागिले लगतच्या उताराची चमक" हे गुणोत्तर काढा. लगतचा उतार त्याच दिशेला तोंड केलेला हवा. धारेच्या पलीकडची बाजू घेतली तर सूर्याचा कोन बदलतो आणि गुणोत्तराला अर्थ राहत नाही.

मग त्याच जागेचं २०२० नंतरचं चित्र शोधा. पट्टे परत "उगवले" तर ते पुसले गेलेच नव्हते, झाकले गेले होते. वादळानंतर बसलेल्या ताज्या धुळीने काही पट्टे खरोखर फिकट होतात, पण सर्वसाधारणपणे पुसलं जायला काही दशकं लागतात. व्हायकिंग यानांनी १९७० च्या दशकात टिपलेले भाग मार्स ग्लोबल सर्व्हेयरने दोन दशकांनी पुन्हा पाहिले, त्यावरून हे कळलं.

जोडी निवडताना वर्षापेक्षा ऋतू बघा. मंगळाचा सौर रेखांश (सूर्याभोवतीच्या फेरीतला त्याचा कोन, ० ते ३६० अंश, ज्यावरून ऋतू कळतो) दोन्ही चित्रांत १०-१५ अंशांच्या आत सारखा हवा. १८० ते ३६० हा धुळीचा काळ, तो शक्यतो टाळा. एक मंगळवर्ष ६८७ दिवसांचं, त्यामुळे चांगली जोडी त्याच्या पटीत सापडते.

समोच्चरेषा:
सरकलेले ओघळ आणि १० अंशांचा उतार, या दोन्हींचं मूळ एकच आहे: मोला.

मोलाचं जागतिक उंचीचं जाळं विषुववृत्तावर ४६३ मीटरचं. लेझरचे ठिपके एकाच वाटेवर साधारण ३०० मीटरवर पडलेले, आणि दोन वाटांमधली जागा गणिताने भरलेली. तुमच्या धारेची बाजू आडवी मोजली तर किती रुंद आहे? ३०० मीटर धरू. खरा उतार २८ अंश असेल तर उंचीतला फरक येतो १६० मीटर. हा फरक मोलाने दोन पिक्सेलांवर, म्हणजे ९२६ मीटरवर पसरवला की उतार होतो ९.८ अंश. तुम्हाला मिळालेले १० अंश ते हेच असावेत. मोलावरून मोठ्या ज्वालामुखीचा उतार काढा, पट्ट्याचा नको.

पर्याय सांगतो. मार्स एक्सप्रेस या युरोपीय यानावरच्या एचआरएससी कॅमेऱ्याची उंची-चित्रं ५० ते १५० मीटरची आहेत, मोठ्या कड्यांना चालतात. सीटीएक्सची स्टिरिओ जोडी (एकाच जागेची दोन वेगळ्या कोनांतली चित्रं) सापडली तर एम्स स्टिरिओ पाइपलाइन या नासाच्या सॉफ्टवेअरमधून साधारण २० मीटरचं उंची-चित्र स्वतः बनवता येतं, आणि या कामाला तेच सगळ्यात सोयीचं. हायराइजचं (एमआरओवरचाच जास्त बारीक कॅमेरा) तयार उंची-चित्र १-२ मीटरचं असतं, पण फार थोड्या जागांचं आहे. आधी ते आहे का बघा, नशीब असेल तर बाकी खटाटोप वाचतो. आणि उतार मोजायचा तो पट्टा सुरू होतो तिथला. शेवटाचा उतार कमी असणारच, तिथे तो थांबलाय.

आता सरकणं. सीटीएक्स सरळ खाली बघूनच चित्र घेतं असं नाही, यान बाजूला कलून घेतं. नकाशावर बसवताना उंची चुकली की जागा चुकते. कल २० अंश आणि उंचीतली चूक २०० मीटर असेल तर सरक = २०० × टॅन २० = ७३ मीटर. दोन चित्रांचे कल विरुद्ध बाजूंना असतील तर दोन्हींच्या चुका एकमेकींत मिळतात. तुमचे ८०-९० मीटर यात सहज बसतात.

दुरुस्ती क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या जिओरेफरन्सरमध्ये होते. १५-२० जुळणीचे बिंदू घ्या: लहान विवरांच्या कडा, ठळक खडक. पट्ट्याचं टोक जुळणीला कधीच घेऊ नका, जे बदललंय का ते तपासायचंय तोच खुंटा कसा धरणार? बिंदू निम्मे धारेवर आणि निम्मे पायथ्याशी हवेत. सगळे सपाटीवरचे घेतले तर सपाटी जुळते आणि धार सरकलेलीच राहते. उरलेली चूक दोन पिक्सेलांच्या, म्हणजे १२ मीटरच्या आत आली की थांबा.

एक सवय लावून घ्या. एमआरओ दिवसाची चित्रं नेहमी दुपारी तीनच्या सुमाराची घेतं, म्हणून उत्तर वर ठेवून बसवलेल्या चित्रात उजेड डावीकडून येतो. न बसवलेलं कच्चं चित्र उलटं असू शकतं. तसं असेल तर दरी डोंगरासारखी दिसते आणि "ओघळ वर चढतोय" असं वाटतं.

रेतीचा_कोन:
पाण्याबद्दल लिहितो, आणि आधी शब्दाबद्दल. "ओघळ" म्हटलं की आपल्या मनात भिंतीवरची ओल येते. पावसाळ्यात सह्याद्रीत दरड कोसळते तिथेही पाणीच कारण असतं, त्यामुळे मराठी वाचकाच्या डोळ्याला उतारावरची काळी रेघ आपोआप ओली दिसते. निदान तुमच्या टिपणात "पट्टे" लिहा. ही कोरडी घसरण आहे.

काळेपणा कशातून येतो ते नीट बघू. मंगळाच्या हवेतली धूळ फार बारीक, कणाचा व्यास सुमारे ३ मायक्रॉन. ती सगळीकडे बसते आणि उजळ असते. तीव्र उतारावर हा थर कणांच्या आपसातल्या चिकटपणाने टिकून राहतो, पण हळूहळू जाड होत जातो. एका ठिकाणी तो सुटला की खालच्या धुळीवर आदळतो, ती सुटते, तिच्याखालची सुटते. म्हणून पट्टा एका बिंदूतून सुरू होतो आणि खाली रुंदावत जातो, भुसभुशीत बर्फ एका ठिकाणाहून सुटतो तसा. मागे राहतो तो उजळ थर निघून गेलेला, जरा गडद पृष्ठभाग. त्या जागी काही नवं आलेलं नाही, होतं ते गेलंय.

किती जाडीचा थर जातो? हायराइजमध्ये पट्ट्याच्या कडेची सावली मोजून काढता येतं. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर सपाट जमिनीवर १ मीटरच्या पायरीची सावली १.७ मीटर पडते, २५ सेंटिमीटरच्या पिक्सेलने जवळपास ७ पिक्सेल. मोजलेल्या पट्ट्यांत ही पायरी मीटरभर किंवा त्याहून कमी भरते. सावली अजिबात दिसली नाही तर थर साधारण १५ सेंटिमीटरपेक्षा पातळ समजा. उतार सूर्याकडे तोंड केलेला असेल तर सावली आखूड होते, उलट असेल तर लांबते, तेवढी दुरुस्ती करायला विसरू नका. सीटीएक्सवर हा प्रयोग करू नका, ६ मीटरच्या पिक्सेलमध्ये असली पायरी दिसणारच नाही.

बहुतेक पट्ट्यांच्या तळाशी ढिगारा दिसत नाही. "एवढा माल घसरला तर साठला कुठे?" हा पाणीवाल्यांचा आवडता मुद्दा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण थर पातळ, माल मुळात थोडा, आणि पट्टा खाली पसरत गेल्याने तो मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो. काही भाग हवेतही उडत असणार.

पाण्याच्या विरोधात माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा जागेचा आहे. हे पट्टे धारेच्या अगदी माथ्याजवळ सुरू होतात, जिथे वर पाणी साठायला जागाच नाही. ते फक्त धुळीच्या प्रदेशांतच सापडतात: थार्सिस, अरेबिया टेरा, अमेझोनिस, एलिसियमच्या बाजूचा भाग. या सगळ्या ठिकाणी औष्णिक जडत्व कमी आहे, म्हणजे जमीन झटकन तापते आणि झटकन निवते. बारीक, सुट्या धुळीचीच ती खूण. एकदा तयार झालेला पट्टा पुढे वाढत नाही. पाझर असता तर तो दर उन्हाळ्यात थोडा थोडा पुढे सरकला असता.

मे २०२५ मध्ये बर्न विद्यापीठाचे व्हॅलेंटिन बिकेल आणि ब्राउन विद्यापीठाचे अॅडोमास व्हॅलांटिनस यांनी सुमारे ८६,००० चित्रांतून संगणकाकरवी पाच लाखांच्या आसपास पट्टे शोधले आणि तापमान, वारा, आर्द्रता यांच्याशी ताडून पाहिले. दव किंवा गोठणाऱ्या-वितळणाऱ्या ओलाव्याशी मेळ बसला नाही. वाऱ्याचा जोर आणि धूळ बसण्याचा वेग यांच्याशी बसला.

उतारवाट:
मोलाचा हिशोब पटला, आडवी रुंदी खरंच तीनशेच्या आसपास आहे. यापुढे पट्टेच लिहितो. मग थर सुटतो कशाने? युरोपीय अवकाश संस्थेने अपोलिनारिस मॉन्स या ज्वालामुखीच्या उतारावरच्या शंभरेक पट्ट्यांचं चित्र दिलं होतं, डिसेंबर २०२३ मधल्या उल्कापातामुळे झालेलं. म्हणजे मुख्य कारण उल्का?

रेतीचा_कोन:
दोन दुरुस्त्या. २४ डिसेंबर २०२३ ही चित्र काढल्याची तारीख आहे, टीजीओ यानावरच्या कॅसिस कॅमेऱ्याने. आघात त्याच्या काही वर्षं आधीचा. गोंधळ होण्याचं कारण बहुधा दुसराच आघात: २४ डिसेंबर २०२१ ला अमेझोनिसमध्ये उल्का पडून १५० मीटरचं विवर झालं, त्याची थरथर मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने टिपली होती. तारीख-महिना एकच, म्हणून घोटाळा.

दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची. उल्का हे दिसणारं कारण आहे, मुख्य नाही. बिकेल यांच्याच २०२५ मधल्या पुढच्या कामात २००६ ते २०२४ मधली ९०,००० सीटीएक्स चित्रं घेऊन सुमारे २१ लाख पट्ट्यांची यादी केली. त्यात उल्का किंवा मंगळकंपाशी जोडता येणारे पट्टे हजारात एकापेक्षाही कमी. बाकी सगळं काम वारा आणि धूळ यांचं, आणि जोर दक्षिणेकडच्या उन्हाळा-शरदात, म्हणजे धुळीच्याच काळात. त्या हिशोबाने जमीन आणि हवा यांच्यात होणाऱ्या धुळीच्या देवाणघेवाणीतला जवळपास चौथा हिस्सा या पट्ट्यांतून जातो. इतक्या पातळ थरांच्या घसरणीकडून एवढी अपेक्षा फार कमी लोकांना होती.

तरी उल्केची प्रकरणं बघण्यासारखी असतात. विषुववृत्ताजवळ पाच विवरांचा एक ताजा पुंजका आहे, सगळ्यात मोठं विवर २२ मीटरचं. त्याच्याभोवती हायराइजच्या चित्रात मोजलेल्या धूलिस्खलनांचा आकडा ६५,००० च्या घरात जातो. शिवाय तलवारीच्या पात्यासारखे वाकलेले दोन काळे भाग दिसतात. जमीन हादरून हे झालं असतं तर पट्ट्यांची दाटी सगळीकडे सारखी कमी होत गेली असती. वाकलेला आकार हवेतल्या धक्क्याच्या लाटांचा, एकापेक्षा जास्त लाटा जिथे एकमेकींना भेटल्या तिथला.

तुमच्या चित्रात उल्केचा संशय आला तर खूण सोपी: एकाच वेळी झालेले, सारख्याच गडदपणाचे पुष्कळ पट्टे, आणि त्यांच्या मधोमध ताजं विवर. गडदपणा वेगवेगळा असेल तर ते वेगवेगळ्या काळातले आहेत. क्वचित वावटळीची वेडीवाकडी रेघ उतार ओलांडते आणि नेमक्या तिथून पट्टे सुरू झालेले दिसतात, तेही पुरेसं कारण. एखादा घरंगळलेला दगडसुद्धा.

पहाटेच्या कार्बन डायऑक्साइडच्या दहिवराने थर सैल होतो असा एक विचार मांडला गेलाय. धुळीची जमीन रात्री झटकन निवते, म्हणून तो कागदावर सयुक्तिक आहे. पण एमआरओला कायम दुपारच दिसते. टीजीओची कक्षा तशी बांधलेली नाही, सकाळची चित्रं तिथून मिळतात.

धूसर_क्षितिज:
मोजणीसाठी एक अंदाज हाताशी ठेवा. मार्स ग्लोबल सर्व्हेयरच्या चित्रांवरून २००३ मध्ये काढलेला दर असा: असलेल्या पट्ट्यांच्या साधारण ७ टक्के नवे, दर मंगळवर्षी. तुमच्या चौकटीत १०० पट्टे असतील तर एका मंगळवर्षात सातेक नवे. ५० सापडले तर आनंद होण्याआधी धुकं, ऋतू आणि जुळणी पुन्हा तपासा. दर जागेनुसार बदलतो, पण इतका फरक आला तर त्याला कारण लागतं.

नवा पट्टा मोजताना तीन गोष्टी हव्यात: जुन्या चित्रात त्या जागी काहीच नाही, नव्यात तो शेजारच्यांपेक्षा गडद आहे, आणि त्याने एखादा जुना फिकट पट्टा ओलांडला असेल तर वर हाच आहे. फिकट झालेले काही पट्टे पुढे आजूबाजूपेक्षा उजळ दिसतात, ते "गायब" मध्ये धरू नका, वेगळा रकाना करा.

समोच्चरेषा:
बातम्यांतला घोळ कुठून येतो तेही नोंदवून ठेवतो, कारण हाच प्रश्न पुन्हा येईल. २८ सप्टेंबर २०१५ ला नासाने खारट पाण्याची जी घोषणा केली ती या पट्ट्यांबद्दल नव्हतीच. ती दरवर्षी परतणाऱ्या बारीक रेघांबद्दल होती. त्या रेघा जास्तीत जास्त ५ मीटर रुंद, खडकाळ आणि कमी धुळीच्या उतारांवर, उष्ण ऋतूत थोड्या थोड्या वाढणाऱ्या, थंडीत विरणाऱ्या आणि पुढच्या वर्षी त्याच जागी येणाऱ्या. त्याही कोरड्या वाळूच्या घसरणी असाव्यात याकडे २०१७ नंतर कल झुकलाय. तुमच्यासाठी सोपी कसोटी: ६ मीटरच्या पिक्सेलमध्ये जे ठळक दिसतंय ते ती बारीक रेघ असूच शकत नाही. आपले पट्टे दोनशे मीटरपर्यंत रुंद आणि दोन किलोमीटर किंवा त्याहून लांबही असतात.

१९ फेब्रुवारी २००८ ला हायराइजने उत्तर ध्रुवाजवळच्या ७०० मीटर उंच कड्यावरून कोसळणारे ढग प्रत्यक्ष टिपले होते. ते बर्फ आणि धुळीचं वेगळंच प्रकरण. तिथला कडा ६० अंशांहून तीव्र आहे. त्याचा दाखला धुळीच्या पट्ट्यांना देऊ नका.

उतारवाट:
२०२० नंतरचं चित्र शोधतोय, पण त्याच अक्षांश-रेखांशावर भलताच प्रदेश उघडतो. उत्तर २५, रेखांश १४१ टाकलं. मंगळयानाची चित्रं यासाठी चालतील का?

समोच्चरेषा:
१४१ हे पश्चिम रेखांश आहे, सीटीएक्सच्या फाइलच्या नावातून घेतलं असणार. त्या नावात शेवटी रेखांश पश्चिम धरून लिहिलेला असतो, आणि जेमार्स (मंगळाची चित्रं पाहायचं सॉफ्टवेअर), क्यूजीआयएस पूर्व धरून चालतात. ३६० मधून वजा करा: २१९ पूर्व. नावात मधे चार आकडी संख्या असते, तिच्यातून १८०० वजा करून १० ने भागलं की चित्राच्या मध्याचा अक्षांश मिळतो. २०५५ असेल तर २५.५ उत्तर, १७१० असेल तर ९ दक्षिण. फाइल उघडण्याआधीच चाळणी होते.

मंगळयानाच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल यान सगळ्यात जवळ असतानाही २० मीटरच्या आसपास, आणि कक्षा लांबट असल्याने बहुतेक चित्रं पुष्कळ दुरून घेतलेली. मोजणीला ती पुरणार नाहीत. जुनी चित्रं हवी असतील तर मार्स ग्लोबल सर्व्हेयरची घ्या, ती अरुंद पण बारीक आहेत. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ऑर्बिटल डेटा एक्सप्लोररवर चौकट आखली की एमआरओ आणि मार्स ग्लोबल सर्व्हेयर या दोन्ही यानांची यादी एकत्र मिळते. सौर रेखांशाचा रकाना तिथेच आहे, त्यावर क्रम लावा. नवीन चित्रच हवं असेल तर हायविश या हायराइजच्या संकेतस्थळावर जागा सुचवता येते. कारण लिहिताना जुन्या चित्राचा क्रमांक आणि हवा असलेला सौर रेखांश दोन्ही द्या, आणि चौकट धारेच्या माथ्यावर ठेवा. पट्टे सुरू होतात तो भाग कापला गेला तर उताराचं गणित पुन्हा अडेल.